सरस धरेपर्यंत

थोरल्यानं लाकूड कापायच्या लेझर यंत्राचा विषय काढल्यापासून, म्हणजे गेले सात आठवडे, या घरातले बापलेक, म्हणजे आत्याचा दादा आणि त्याचा थोरला, आत्याच्या मार्फत एकमेकांशी बोलत होते. "त्याला सांग, जिन्याखालची सायकल हलव म्हणावं." "त्यांना सांग, सायकल माझी नाही, धाकटीची आहे." दोघं एकाच खोलीत, चार पावलांवर, आणि मध्ये आत्या करवतीच्या बैठकीवर बसून अक्रोडाच्या लाकडाचा पापुद्रा कापत असायची. ती कुणालाच काही सांगत नसे, कारण दोघांचेही कान शाबूत होते.

पण पेटाऱ्याच्या झाकणाला असल्या रुसव्याफुगव्यांशी काही देणंघेणं नव्हतं. नगर वाचनालयाला जुने नकाशे ठेवायला पेटारा हवा होता, आणि त्याच्या झाकणावर हवं होतं एक झाड आणि झाडावर त्रेचाळीस पक्षी. सगळं लाकडात लाकूड बसवून. रंगाचा एक ठिपका नाही, या घरात ब्रश फक्त भिंतींना लागायचा. कावळा आबनुसाचा, पिवळा पक्षी संत्र्याच्या लाकडाचा, बगळ्याचं पोट शिंपल्याचं, आणि घरट्यातलं गवत म्हणजे गव्हाचं खरंखुरं काड, चिरून इस्त्रीनं चपटं केलेलं. आत्यानं हे सगळं पाच महिने बसून कागदाएवढ्या पातळ पापुद्र्यांतून कापलं होतं. मधल्या फांदीवरच्या पोपटाला तिनं थोरल्याचं नाक दिलं होतं. वरच्या घुबडाकडे पाहून वहिनी एकदा तोंड फिरवून खूप वेळ हसल्या होत्या. दादाला मात्र ते घुबडच वाटलं, आणि घुबड छान साधलंय असंही तो म्हणाला.

आज ते सरसानं चिकटवायचं होतं. झाकण सपाट असतं तर वर दुसरी फळी ठेवून शिकंजे आवळले असते आणि ज्यानं त्यानं आपापल्या खोलीत जाऊन खुशाल तोंड फुगवलं असतं. पण हे झाकण सहा फूट लांब आणि चारही बाजूंनी उतरतं, उशीसारखं फुगलेलं. त्यावर शिकंजा बसत नाही. त्यावर गरम वाळूच्या पिशव्या ठेवाव्या लागतात, आणि पिशव्यांवर माणसं. सहा पिशव्या, सहा माणसं, दोन्ही हातांचा जोर, आणि सरस धरेपर्यंत कुणी हात उचलायचा नाही. एकानं जरी उचलला तरी तेवढ्या जागी पापुद्रा सुटतो, फुगा येतो आणि पाच महिने पाण्यात जातात.

हा नियम आत्याच्या वडिलांच्या वेळचा. एकदा ते असेच दाबून बसलेले असताना गल्लीत आग लागली होती. आगीचा बंब आला, लोकांनी दार बडवलं. वडिलांनी आतून ओरडून विचारलं, "किती घरं लांब?" "तीन!" "मग येतो आम्ही." आणि खरोखरच सरस धरल्यावर सगळे बाहेर आले, हात झटकत. तोवर आग विझली होती.

आत्यानं आजचा दिवस तीन आठवड्यांपूर्वीच हेरून ठेवला होता. या घरात तिनं स्वतःबद्दल काही बोलायला तोंड उघडलं की सगळ्यांना एकदम कामं आठवायची. दादाला झोप यायची, वहिनींना गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवायचं, थोरल्याचा फोन न वाजताच वाजायचा. सगळे एका जागी बसलेत, ऐकतायत आणि कुणालाही उठता येत नाही, असा प्रसंग वर्षातून एकदा आला तर यायचा. तो वाया घालवण्याएवढी ती भोळी राहिलेली नव्हती. एकदा भोळी होती. चोविसाव्या वर्षी चित्रकलेच्या एका मास्तरांनी तिला विचारलं होतं. दादा म्हणाला, "माझी काहीच हरकत नाही बारके, एवढी वकिलातीची टेबलं होऊ देत." मास्तर अकरा महिने थांबले. आता त्यांना नातवंडं आहेत. पस्तिसाव्या वर्षी औषधांच्या दुकानातल्या एका सज्जन माणसानं विचारलं. "एवढी बँकेची दारं होऊ देत," दादा म्हणाला. तो सात महिने थांबला. दारं मात्र फार सुंदर झाली.

सकाळी नऊला सरस शेगडीवर चढला. वाळू कढईत तापायला लागली. खिडक्या घट्ट बंद केल्या, कारण गार वारा लागला की सरस हाताखालीच थिजतो. आणि मग दादानं माणसं मोजली.

"पाचच," तो म्हणाला. "सहावी कुठाय?"

सहावी पिशवी थोरल्याच्या बायकोची. तिला सातवा महिना लागला होता, आणि सरस तापू लागला की ती वरच्या मजल्यावरसुद्धा तोंडावर उशी घेऊन पडायची. जनावरांची कातडी उकळून केलेली वस्तू ती, तिचा वास कुणाला आवडणार?

"ती येणार नाही," थोरला आत्याला म्हणाला. "त्यांना सांग."

"त्याला सांग, मग आधी नाही का बोलायचं?" दादा आत्याला म्हणाला.

"सरसवाला आलाय ना दारात," आत्या म्हणाली. "त्याला घ्या."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात सरसवाला उभा होता, दोन डबे पायाशी, नुकतीच इस्त्री केलेला शर्ट. गेली तीस वर्षं तो या दाराशी डबे ठेवून जात होता. आत त्याला कुणी घेतलं नव्हतं. हा नियम वहिनींचा, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. हा मनुष्य बसमध्ये चढला की त्याच्या आजूबाजूच्या तीन जागा रिकाम्या व्हायच्या. गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे त्याची भट्टी होती, मागे दोन खोल्यांचं घर, आणि बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. आज तो आत्याच्या हुकुमावरून दोनदा अंघोळ करून आला होता. त्यानं वासात फरक पडला नव्हता, फक्त त्यात साबणाची भर पडली होती.

"अडला हरी गाढवाचे पाय धरी," दादा पुटपुटला. पुटपुटणं त्याला कधी जमलं नव्हतं, ते रस्त्यापर्यंत ऐकू जायचं.

"पाय नकोत," सरसवाला म्हणाला. "पिशवी दाखवा."

दादानं त्याला खिडकीजवळचा, सगळ्यांत लांबचा कोपरा दिला. खिडकी बंद होती, पण माणसाला आशा असते. त्याच्या समोर थोरला, मध्ये वहिनी आणि धाकटी, आणि या टोकाला दादा आणि त्याच्याशेजारी आत्या, नेहमीसारखी. धाकटी ही दादाची मुलगी, सव्वीस वर्षांची, करवतीवर आत्यानंच बसवलेली. थोरल्यानंतर आठ वर्षांनी झाली आणि घरात चुकून उजेड आला, असं आत्या म्हणायची.

पुढची तीन मिनिटं कुणी कुणाशी भांडलं नाही. दादानं झाकणावर सरस फिरवला, हात सत्तरीचा असूनही एकाच लयीत. आत्यानं आणि धाकटीनं कागदावर उलटं जुळवलेलं सगळं चित्र दोन्हीकडून उचललं आणि त्याच्यावर बसवलं. आता वर फक्त तपकिरी कागद दिसत होता. पक्षी, झाड, थोरल्याचं नाक, सगळं त्याच्या खाली. पिशव्या आल्या.

"दाबा!" दादा ओरडला.

सहा जणांनी अंग टाकलं. कडेनं सरसाचे थेंब बाहेर आले. दादानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आत्यानं मनात शंभर आकडे मोजले, आणि आपला आवाज कापत नाही ना याची खात्री करून घेण्यासाठी आणखी वीस.

"पुढच्या गुरुवारी मी लग्न करतेय," ती म्हणाली. "अकरा वाजता, नोंदणी कार्यालयात. तारीख मिळालीय. त्यानंतर मी यांच्या घरी राहायला जाईन."

आणि तिनं हनुवटीनं खिडकीजवळचा कोपरा दाखवला.

कुणाचाही हात हलला नाही. या घराचं हे एक कौतुक करायलाच हवं. तोंडं मात्र उघडी पडली, आणि कानांवर हात ठेवायचीही सोय नव्हती.

"कुणाशी?" थोरल्यानं विचारलं.

"या खोलीत पुरुष तीन. एक माझा भाऊ, एक तू. आता तूच बघ."

"नमस्कार," सरसवाला म्हणाला. तो पिशवीवर इतका ओणवा झाला होता की नमस्कार कागदालाच पोचला.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "वय काय तुमचं?"

"एकोणसाठ. तुम्हाला ठाऊक आहे वहिनी, तुम्हीच तर सगळीकडे सांगत असता."

"आत्या, भारीच!" धाकटी ओरडली. तिचे डोळे चमकत होते. "कसलं भारी! मी साक्षीदार. माझी सही!"

आत्याला एवढं बरं वाटलं की तिच्या पिशवीवरचा जोर क्षणभर कमी झाला. दादानं तिकडे न बघताच म्हटलं, "बारके, उजवा हात." तिनं उजवा हात दाबला. एवढंच बोलला तो. बाकी त्याचं तोंड घट्ट मिटलेलं, नजर कागदावर.

"एक मिनिट, एक मिनिट," थोरला म्हणाला. तो दिवसभर फोनवर गिऱ्हाइकांना 'एक मिनिट' म्हणत असे आणि त्याला वाटे की त्यानं वेळ खरंच थांबतो. "वाचनालयानंतर नाट्यगृहाच्या भिंती आहेत. बारा फळ्या. आत्या, तू गेलीस तर कापणार कोण?"

"ते मी गेल्यावरचं आहे."

"म्हणूनच मी सात आठवडे घसा कोरडा करतोय, यंत्र घ्या, यंत्र घ्या—"

"यंत्रानं कडा जळतात," दादा म्हणाला.

थोरल्यानं मान वर केली. बापानं त्याच्याशी थेट बोलायची सात आठवड्यांतली ही पहिलीच वेळ होती, आणि हे त्या दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"जळतात," थोरला शेवटी म्हणाला, "पण बाबा, यंत्र लग्न करत नाही."

धाकटीला हसू फुटलं. सरसवालाही हसला, मग आपण हसायला नको होतं असं वाटून खोकला. त्यानं मान वळवली, पण वळवणार किती? वहिनींनी श्वास रोखून धरला.

"अहो, कोपर वर घ्या," आत्या त्याला म्हणाली, "नाहीतर उद्या खांदा धरेल."

"अहो!" वहिनी म्हणाल्या. "ऐकलंत? अहो!"

"मग काय म्हणू? सरसवाले?"

"तीस वर्षं तेच म्हणत होतात!"

"वहिनी, छत्तीस वर्षं तुम्हीही याला 'अहो' म्हणताय," आत्यानं दादाकडे मान हलवली. "त्याचा काही उपयोग झाला का?"

थोरल्यानं पुन्हा सूत्रं हातात घेतली. हात मोकळे नव्हते, तरी त्यानं घेतली. "हे बघा. भावना बाजूला ठेवू. आत्याला जायचंय तर जाऊ दे, मी आडवा येणार नाही. धाकटी कापेल. धाकटीचा हात आत्याच्या तोडीचा आहे, आत्याच म्हणते."

"आहेच," आत्या म्हणाली. मनातून तिनं हेच तर धरलं होतं. पाच वर्षं तिनं या पोरीला बसवलं होतं, करवत कशी धरायची इथपासून. जाताना आपली जागा रिकामी राहणार नाही, हे तिचं सगळ्यांत मोठं समाधान होतं.

धाकटी गप्प झाली होती.

"काय गं?" आत्यानं विचारलं.

"आत्या," धाकटी कागदाकडे बघत म्हणाली, "तुला दोन वर्षं थांबता येणार नाही का? फक्त दोनच."

"आत्ता तर साक्षीदार होत होतीस!"

"हो, पण..." तिनं ओठ चावला आणि मग घडाघडा बोलून टाकलं. "मला नोकरी लागलीय. राजधानीत, जुनं फर्निचर दुरुस्त करतात त्या कंपनीत. एक तारखेपासून. मी सांगणारच होते. योग्य वेळ बघत होते."

"आणि ही बरी सापडली," वहिनी म्हणाल्या.

"आत्यानं पण हीच शोधली ना?"

यावर आत्याला मनापासून वाईट वाटलं. पोरगी जातेय याचं नाही, पोरीनं जावंच. पण आपण जायचं म्हटल्याबरोबर तिनं दोन वर्षं मागितली, याचं वाईट वाटलं. आपल्याकडे मागायला आलेला प्रत्येक जण महिने आणि वर्षंच मागतो, हा कसला योग, असं तिला वाटलं.

"वाट बघण्यात माझा हात धरणारं या गावात कुणी नाही," ती म्हणाली. "पण आता तो धंदा मी बंद केलाय, बाळा."

"तू दोन वर्षांनी पण लग्न करू शकतेस. माझी नोकरी जाईल."

"माझा नवरा बासष्टचा आहे. तोही जाईल."

"तब्येत उत्तम आहे," कोपऱ्यातून आवाज आला.

"तुम्ही गप्प बसा," आत्या, वहिनी आणि थोरला एकदमच म्हणाले.

घड्याळात पंचवीस मिनिटं झाली होती. हात अवघडले होते. थोरल्याच्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायला हात नसल्यामुळे त्यानं तो खांद्याला घासला. तो धाकटीकडे वळला आणि दोन वर्षं हा कसा सगळ्यांच्या हिताचा मध्यम मार्ग आहे ते सांगू लागला. धाकटी मान डोलवू लागली. आत्यानं पाहिलं, तिच्या बाजूनं उभी असलेली एकुलती एक व्यक्ती आता पलीकडे गेली होती. दादा तर पहिल्यापासून तिकडेच असणार. तो बोलत नव्हता एवढंच.

"तिला जाऊ द्या," वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांनी माना वर केल्या. वहिनी आणि आत्या यांचं या घरात छत्तीस वर्षं एका विषयावर एकमत झालं नव्हतं, अगदी चहात साखर आधी की दूध आधी इथपासून.

"काय बघताय? तुम्हाला आज कळलं, मला चार वर्षं ठाऊक आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आपल्याला सरस लागतो महिन्याला अर्धा डबा. हा मनुष्य दर मंगळवारी एक डबा घेऊन येतो आणि वन्सं तो घेतात. माळ्यावर सरस आहे, जिन्याखाली सरस आहे, माझ्या पलंगाखाली सरस आहे. थोरल्याच्या नातवाला पुरेल एवढा सरस आहे घरात. मी एक दिवस तरी काही बोलले?"

"तुम्ही रोज बोलत होतात," आत्या म्हणाली.

"सरसाबद्दल बोलले. याच्याबद्दल नाही बोलले." वहिनींनी दम घेतला, आणि लगेच त्याचा पश्चात्ताप होऊन नाक मुरडलं. "आणि दुसरं सांगते. मी या घरात आले ना, तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की नणंद आहे, पण ती सहा महिन्यांत लग्न होऊन जाईल. छत्तीस वर्षं झाली. मी तक्रार केली नाही. पण जे कबूल केलं होतं ते आता होत असेल तर मध्ये कुणी पडू नये, एवढंच माझं म्हणणं."

धाकटी हसली. थोरलाही हसला. आत्यालाही हसू आलं.

"आणि तुम्ही गेल्यावर मला करमायचं नाही," वहिनी अगदी चिडून म्हणाल्या. "पण ते वेगळं."

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. जवळ असत्या तर तिनं वहिनींचा हात हातात घेतला असता, आणि वहिनींनी तो झटकला असता. बरं झालं, लांब होत्या.

तेव्हा दादा बोलला.

"तो वास," तो म्हणाला.

"काय?"

"वास, बारके. लग्न कर. मी काय तुला बांधून ठेवलंय का? पण या माणसाबरोबर एका घरात? भट्टी मागच्या दारात. सकाळी उठलीस की वास, जेवायला बसलीस की वास, अंथरुणात वास. तू चार दिवस टिकणार नाहीस. पाचव्या दिवशी परत येशील, आणि मग लोक हसतील. तुलाच हसतील. म्हणून म्हणतो, घाई नको. एवढी नाट्यगृहाची—"

"मला वास येत नाही," आत्या म्हणाली.

"सवय होते म्हणतात, पण—"

"सवय नाही. येतच नाही. कशाचाच. लाकडाच्या भुशानं गेलं माझं नाक. डॉक्टर म्हणाले, परत यायचं नाही."

दादानं कागदावरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

"कधीपासून?" दादानं विचारलं.

"बँकेची दारं केली ना, तेव्हापासून. शिसवी होती सगळी. भुसा फार उडायचा."

चोवीस वर्षं. दादा हिशोब करत होता हे आत्याला दिसत होतं. रोज तिच्याशेजारी बसून त्यानं आबनूस हुंगून आत्यापुढे धरला होता, "बघ, काय वास आहे," आणि तिनं हुंगून मान डोलवली होती.

"म्हणून दूध करपायचं," वहिनी हळूच म्हणाल्या. "मी म्हणायची, लक्ष कुठं असतं हिचं. देवा. मी काय काय बोलले तुम्हाला."

"सांगितलं का नाहीस?" दादाचा आवाज चढला होता. "मी रोज शेजारी बसतो तुझ्या. एकदा सांगायचं नाही?"

"विचारलं नाही कुणी."

"हे काय विचारायचं असतं?"

"यांनी विचारलं," आत्या म्हणाली. आता मात्र तिचा आवाज कापला, आणि तिनं तो कापू दिला. "चार वर्षांपूर्वी. दारात. म्हणाले, तुम्ही एकट्याच अशा आहात की माझ्याजवळ उभ्या राहून बोलता, तोंड फिरवत नाही. बाई, तुमच्या नाकाला काही झालंय का? मी सांगितलं. तर म्हणाले, मग जेवण कसं जातं तुम्हाला? सगळं सारखंच लागत असेल. असं कुणी विचारलं नव्हतं रे दादा. पुढच्या मंगळवारी ते लिंबं घेऊन आले. आंबट लागतं मला. आंबट अजून लागतं."

सरसवाला आपल्या पिशवीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

थोरल्यानं मध्यम मार्ग काढला नाही, धाकटीचं दोन वर्षांचं मागणं तिथंच राहिलं. ती हळूच म्हणाली, "आत्या, सही मीच करणार," आणि नाक ओढलं.

मग सरसवाल्यानं घसा साफ केला. "दादा, हा सरस कालचा ताजा आहे. कातड्याचा, दोनदा गाळलेला. पंचवीस मिनिटांत धरतो. आता पन्नास झाली."

दादानं त्याच्याकडे पाहिलं. आजवर तो त्याला 'ए' म्हणत आला होता.

"तुम्ही सोडा हात," दादा म्हणाला. "थोरल्या, तू पण. सोडा सगळे. खांदे शेकून घ्या."

हात उठले. बोटं उघडमीट झाली, थोरला 'आई गं' म्हणाला, खिडकी उघडली गेली. वहिनी आत जाता जाता दाराशी थांबल्या आणि सरसवाल्याला म्हणाल्या, "चहा घेणार ना? या. आतच या." आणि मोठा श्वास घेऊन त्याच्या पुढं चालू लागल्या. धाकटी त्यांच्या मागून गेली. थोरलाही गेला.

दादानं हात उचलले नव्हते. म्हणून आत्यानंही उचलले नाहीत. दोघं झाकणाच्या त्या टोकाला शेजारी शेजारी ओणवे होऊन राहिले.

आतून कपबशांचा आवाज येऊ लागला. वहिनी काहीतरी विचारत होत्या आणि सरसवाला एका एका शब्दात उत्तरं देत होता. आत्याच्या हाताखालची वाळू केव्हाच गार झाली होती. खालचं लाकूड कसं बसलंय ते तिला तळहातानं कळत होतं. कुठे फुगा नाही, कुठे पोकळ नाही. बोटानं टिचकी मारली असती तर एकसंध आवाज आला असता. चाळीस वर्षांत असं नेटकं बसलेलं काम तिला आठवत नव्हतं.

"दादा," ती म्हणाली. "धरलंय."

दादा कागदाकडेच बघत होता. त्याची हनुवटी हलत होती.

"अजून ओलं आहे," तो म्हणाला.

मास्तरांना तो खोटं बोलला होता, औषधवाल्याला बोलला होता, गिऱ्हाइकांना तर रोजच बोलायचा. पण लाकडाच्या बाबतीत दादा कधी खोटं बोलल्याचं आत्यानं आजपर्यंत ऐकलं नव्हतं. टिचकी मारायला बोट उठलं होतं, ते तिनं पुन्हा पिशवीवर टेकवलं.

"बरं," ती म्हणाली. "पाच मिनिटं."

"दहा," दादा म्हणाला.